पाहुण्याला गल्लीत येऊ द्या: पर्यटनाची आखणी करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
छत्रपती संभाजीनगरच्या पर्यटनाची आखणी करणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि सहल-व्यावसायिक यांस

विषय: बाहेरगावच्या प्रवाशाला जुन्या शहरातील वस्तीत राहता-वावरता यावे, याबाबत विनंती

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश १९८३ साली झाला. त्यांच्या लौकिकाचा आपल्या शहराला फायदा झाला हे खरे. पण त्याच लौकिकामुळे आपले शहर प्रवाशाच्या लेखी निव्वळ मुक्कामाचे ठिकाण होऊन बसले आहे. तो रात्रीच्या गाडीने किंवा चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरतो, जालना रस्त्यावरच्या नाहीतर स्टेशनजवळच्या हॉटेलात सामान टाकतो, एक दिवस दौलताबाद-वेरूळ करून परतीच्या वाटेवर अर्धा तास बीबी का मकबऱ्याला देतो, दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरवरचे अजिंठे गाठतो आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच निघून जातो. लेणी पाहायला आला होता, ती त्याने पाहिली, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र ज्या शहरात दोन रात्री काढल्या, त्या शहरातला हॉटेलचा व्यवस्थापक, गाडीचा चालक आणि शाली उलगडून दाखवणारा विक्रेता यांच्यापलीकडे एकही माणूस त्याला भेटलेला नसतो.

मी जुन्या शहरात, भडकल दरवाजाच्या आतल्या बाजूला राहते. हयात शाळेत शिकवण्यात गेली. घर ऐसपैस असल्यामुळे नातेवाइकांचे स्नेही, माजी विद्यार्थ्यांचे सहकारी, कधी कुणाच्या चिठ्ठीने आलेले परप्रांतीय अभ्यासक असे पाहुणे आमच्याकडे उतरत आले. कैलास लेणे पाहून आलेला माणूस ‘काय बोलावं!’ एवढे म्हणून गप्प बसतो, आणि ते गप्प बसणे योग्यच आहे. तोच माणूस सकाळी दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यापर्यंत गेला आणि तासाभराने परतला, की जेवणाची ताटे होईपर्यंत त्याचे बोलणे संपत नाही. दुकानदाराने अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या दखनीत हिशेब कसा सांगितला, शहराच्या दरवाजाच्या कमानीतून हातगाडी, रिक्षा आणि शाळेची गाडी एकाच वेळी कशी निघाली, आणि वाट चुकल्यावर एका आजोबांनी ‘कोणाकडे आलात?’ असे विचारून थेट आमच्या पायरीपर्यंत कसे आणून सोडले, हे सगळे तो रंगवून सांगतो. ‘कोणाकडे आलात?’ हा प्रश्न हॉटेलात उतरलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. वस्तीत मात्र हा पहिलाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर देता आले की परका माणूस अमक्याच्या घरचा पाहुणा ठरतो.

‘तिथल्या लोकांसारखे राहून शहर अनुभवा’ ही भाषा अलीकडे पर्यटनाच्या जाहिरातींत सर्रास दिसते. पॅरिस, लिस्बन, इस्तंबूल अशा शहरांत जाणारे लोक मुद्दाम एखाद्या जुन्या वस्तीत खोली घेतात, रोज एकाच दुकानातून पाव आणतात आणि चौथ्या दिवशी दुकानदाराने ओळख दाखवली याचे कौतुक परतल्यावर सांगत सुटतात. यात भाबडेपणा आहेच. चार दिवसांत कुणी कुठला रहिवासी होत नाही. मालमत्ता कर, शाळाप्रवेशाची धावपळ आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंतीवरून चाललेला दावा यांच्यावाचून कसले आले आहे रहिवासीपण! तरीसुद्धा या भाबडेपणाच्या मागची इच्छा रास्त आहे. माणसाला वास्तू पाहून झाल्यावर त्या वास्तूच्या सावलीत लोक कसे जगतात हे पाहावेसे वाटते, आणि आपल्या शहरात ते पाहण्यासारखे भरपूर असूनही तिथवर पोहोचण्याची सोय नाही. म्हणून विनंती अशी, की जुन्या वस्त्यांचे नवे ‘स्थळ’ घडवण्याच्या फंदात न पडता पाहुण्याला तिथे राहता, चालता आणि घटकाभर बसता येईल एवढीच व्यवस्था करावी आणि वस्तीला आपापल्या उद्योगात राहू द्यावे.

या म्हणण्याला आधार म्हणून पाण्याची गोष्ट सांगते, कारण या शहराचा इतिहास पाण्याला वगळून सांगताच येत नाही. निजामशाहीचा वजीर असलेल्या मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी राजधानी वसवली, १६१२ मध्ये मुघलांवरील विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला, आणि त्याच सुमारास उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात खेळवले. ती नहर-ए-अंबरी. डोंगराच्या पोटात झिरपणारे पाणी गोळा करायचे, जमिनीचा उतार ओळखून ते बांधीव कालव्यातून आणि मातीच्या नळांतून पुढे न्यायचे, आणि वाटेत दाब नियंत्रित राहावा म्हणून मनोरे बांधायचे, अशी ही योजना असून तिला ना मोट लागत होती, ना मनुष्यबळाचा उपसा. पुढे १६५३ मध्ये दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा मिळालेल्या औरंगजेबाने या शहराला आपले नाव दिले, वस्ती वाढली, आणखी नहरी निघाल्या. शहराची नावे बदलत गेली, अगदी अलीकडे २०२३ मध्येही बदलले. पण जुन्या भागात नहरीचे मनोरे अजून कुठे कुठे उभे आहेत. त्यांच्यावर केबलच्या तारा गुंडाळलेल्या असतात, शिकवणी वर्गांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात आणि बुंध्याशी दुचाकी लावलेल्या असतात. समोरून जाणाऱ्या शंभर प्रवाशांपैकी एकालाही हे काय आहे ते कळत नाही, कारण तिथे साधी पाटीसुद्धा नाही.

पाणचक्की बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात असते, पण तिथेही प्रवासी हौदातले मासे पाहून आणि वडाखाली छायाचित्र काढून वीस मिनिटांत बाहेर पडतो. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या या आवारात जरा वेळ द्यावा लागतो. डोंगराकडून नळाने आलेले पाणी आधी भिंतीच्या माथ्यापर्यंत आपल्याच दाबाने चढते आणि तिथून हौदात धारेने पडते. त्याच पाण्याच्या जोरावर जात्याचे चाक फिरत असे आणि इथे उतरणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जात असे. त्याहून नवलाची गोष्ट पायऱ्या उतरून खाली गेल्यावर दिसते. वरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, आणि जाडजूड खांबांनी ते सगळे पाणी डोक्यावर तोलून धरले आहे. वैशाखातल्या दुपारी, बाहेर पारा चाळिशी ओलांडत असताना, त्या दालनात उभे राहिले की वरच्या पाण्याचा गारवा अंगाला जाणवतो. वस्तीतला माणूस सोबत असेल तर तो पाहुण्याला आधी तिथे नेतो.

आता याच शहराचे आजचे पाणी पाहा. पैठणजवळच्या नाथसागरातून ते उपसून, चढावाने आणावे लागते, आणि अनेक वस्त्यांत नळ रोज येत नाही. मधले अंतर किती दिवसांचे, हे त्या त्या काळावर अवलंबून. आमच्याकडे मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला हे सांगावे लागत नाही, दिसतेच. पाण्याचा दिवस उजाडला की गल्लीभर मोटारींची घरघर सुरू होते, गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीघरातल्या पातेल्यापर्यंत प्रत्येक भांडे भरले जाते, कामावर जाणारी सून सासूला ‘ड्रमचं झाकण लावा’ म्हणून दोनदा बजावते, आणि घरात मोटार नसलेल्या शेजारणीची नळी आमच्या नळाला जोडली जाते. पाहुणा पहिल्या दिवशी सवयीने शॉवर शोधतो आणि दुसऱ्या दिवशी न सांगता एका बादलीत आंघोळ उरकतो. आपल्यापैकी काहींना वाटेल, की ही आपली झाकली मूठ आहे, ती परक्यापुढे कशाला उघडायची. माझे मत अगदी उलट आहे. चारशे वर्षांपूर्वी उताराने पाणी आणणारे शहर आज पाण्याची वाट पाहते, हे ज्याने नहरीचा मनोरा आणि आमच्या गच्चीवरची टाकी एकाच दिवशी पाहिली त्याला जेवढे समजेल, तेवढे कुठल्याही माहितीपत्रकाने समजणार नाही. हॉटेलात टँकरचे पाणी चोवीस तास वाहते, म्हणून तिथे हे कळायला मार्ग नाही.

पाण्यासारखेच वस्त्यांचे. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा हे पुरे मुघलांच्या चाकरीत दख्खनेत आलेल्या राजपूत-बुंदेल्या सरदारांच्या छावण्यांतून वसले, आणि त्यांतल्या करणपुऱ्यात आज नवरात्रातल्या देवीच्या यात्रेला सगळे शहर लोटते. रंगार गल्ली, कासारी बाजार, कुंभारवाडा हे कारागिरांचे भाग. राजाबाजारात संस्थान गणपती, जो शहराचे ग्रामदैवत मानला जातो. रमजानच्या रात्री सिटी चौकापासून शहागंजपर्यंत पहाटेपर्यंत चालणारी वर्दळ. आणि पाणचक्कीच्या जवळच नागसेनवन, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या पिढ्या शिकल्या. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, त्या नामविस्ताराच्या स्मरणार्थ १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जो जनसागर जमतो आणि पुस्तकांची जी दुकाने लागतात, ती पाहिल्यावर या शहराकडे केवळ बावन्न दरवाजांचे शहर म्हणून पाहणे किती अपुरे आहे हे लक्षात येते.

इथे एक गोष्ट जाता जाता नोंदवते. आपले शहर स्वतःच बाहेरून राहायला आलेल्यांचे आहे. बीड, परभणी, हिंगोली, जालना जिल्ह्यांतून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आलेली मुले-मुली औरंगपुरा, खडकेश्वर भागात खोल्या करून राहतात, अभ्यासिकेत दिवस काढतात आणि खानावळीत जेवतात. या खानावळींतली ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि कधी येसराची आमटी हे मराठवाड्याचे खरे रोजचे जेवण. ते कुठल्याही पर्यटन-पुस्तिकेत नसते. पुस्तिकेत ‘स्थानिक खाद्यसंस्कृती’ म्हणून एकच नाव येते, नान-खलिया, म्हणजे तंदुरी नान आणि मटणाचा रस्सा.

नान-खलियाबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो आमच्या शहराचा अभिमान आहे आणि तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा फौजेबरोबर तो इकडे आला असे सांगतात. पण तो बशीत वाढलेला पाहण्याआधी भट्टीवर होताना पाहावा. कारागीर कणकेचा गोळा थापतो, कापडी गादीवर पसरतो, कमरेतून वाकून हात थेट तंदूरच्या तोंडात घालतो आणि नान आतल्या भिंतीवर दाबून चिकटवतो. क्षणभर उशीर झाला तर हाताचे केस जळतील अशी ती वेळ असते. नान फुगून त्यावर डाग पडले की दोन लोखंडी सळयांनी ती सोडवून बाहेर काढतो, आणि शेजारी बसलेला पोरगा तिच्यावर गुळाच्या पिवळसर पाण्याचा हात फिरवतो. लग्नाच्या दावतीच्या दिवशी हे काम पहाटेपासून चालते आणि गल्लीतला प्रत्येक जण जाता-येता तिथे दोन मिनिटे थांबतो. पाहुणा थांबला तर त्याला कुणी हटकत नाही. फक्त त्याने भ्रमणध्वनी कारागिराच्या तोंडासमोर नाचवू नये, एवढी अपेक्षा असते.

आता व्यवहाराचे बोलू. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. हे पुरातत्त्व खात्याचे ठरलेले वेळापत्रक आहे आणि सगळ्यांना माहीत आहे, तरी दर आठवड्याला या दोन दिवशी चुकलेले प्रवासी शहरात दिसतात. त्यांना काय करावे ते सुचत नाही आणि गाडीवाले त्यांना औद्योगिक वसाहतीजवळच्या दुकानांतून फिरवून आणतात. सहल-व्यावसायिकांना माझे सांगणे आहे, की हाच दिवस शहराचा ठरवा. सकाळी सातला मकई दरवाजा, खाम नदी ओलांडून बेगमपुऱ्यातून फेरी, मग पाणचक्की, भडकल दरवाजा आणि जुना बाजार, सिटी चौकमार्गे गुलमंडी, एवढे रमतगमत केले तरी ऊन चढायच्या आत होते. दुपार घरात किंवा पाणचक्कीत काढावी, कारण मार्चनंतर अकरा ते पाच या वेळेत रस्त्यावर फिरणे म्हणजे शिक्षा आहे आणि आम्हीही फिरत नाही. संध्याकाळी पैठण दरवाजाकडून टिळक पथाने चालत यावे. मुक्कामात गुरुवार येत असेल तर छावणीचा आठवडी बाजार चुकवू नये. तिथे भाजीपाल्यापासून गुराढोरांपर्यंत सगळे असते आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे पाहायला-ऐकायला मिळतात.

राहण्याची सोय हा सगळ्यात अवघड भाग आहे. राज्य शासनाची न्याहारी-निवास योजना अनेक वर्षांपासून आहे आणि कोकणात तिने चांगले मूळ धरले. आमच्या जुन्या शहरात मात्र ती कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना कागदांची धास्ती वाटते. मोठे घर, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, वरचा मजला रिकामा, घरात साठीच्या घरातले दोघेच, अशी कितीतरी घरे माझ्या ओळखीत आहेत. या लोकांना पैशाची गरजही आहे आणि माणसांची आवडही. पण परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते हे ऐकले, की घरमालक हात जोडतो. खरे तर ते काम दहा मिनिटांचे आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयात आठवड्यातून एक दिवस कुणी माणूस बसवून नोंदणी, नमुने, विजेचा दर, कर यांची माहिती मराठीत आणि उर्दूत दिली, तर त्यातली निम्मी भीती जाईल. अशा घराला हॉटेलच्या कसोट्या लावू नयेत, हेही आताच सांगून ठेवते. खोली स्वच्छ असावी, दाराला आतून कडी असावी, न्हाणीघर वेगळे असावे आणि एकट्या बाईला तिथे निर्धास्त झोपता यावे, एवढे पाहणे पुरे. सकाळी त्याच घरात जे होते तेच पाहुण्याला द्यावे. मूळच्या नांदेड-परभणीकडच्या घरात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ) मिळेल, दुसऱ्या घरात धपाटे-दही, तिसऱ्या घरात खिमा-पाव. बटर-टोस्टची सक्ती केली तर मग हॉटेल काय वाईट?

याला दुसरी बाजू आहे, आणि ती मांडली नाही तर मी आपली दिशाभूल करीन. बार्सिलोनात वस्त्यांमधली घरे प्रवाशांना भाड्याने देण्याची इतकी लाट आली, की रहिवाशांना भाडी परवडेनाशी झाली. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या महापौरांनी अशा १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याची घोषणा केली. जपानमधील क्योटोच्या गिओन या जुन्या वस्तीत प्रवासी कलावंत स्त्रियांच्या मागे कॅमेरे घेऊन धावू लागले, तेव्हा २०२४ मध्येच तिथल्या खासगी गल्ल्या परक्यांना बंद झाल्या आणि आत शिरणाऱ्यास दहा हजार येनचा दंड ठरला. आमच्याकडे आज तसे काही होईल अशी चिन्हे नाहीत, आणि कुणी म्हणेल की गुलमंडीची तुलना बार्सिलोनाशी करणे म्हणजे हसे करून घेणे आहे. म्हणोत. पण नियम गर्दी होण्याआधी करायचे असतात. आमच्या बाजूने एवढे नक्की सांगते: मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराला परवानगी द्यावी आणि एका मालकाला एकच परवाना असावा. बाहेरचा गुंतवणूकदार चार वाडे विकत घेऊन, भाडेकरू काढून, त्यांना रंगरंगोटी करून पाहुणे ठेवू लागला, तर पाहुण्याला जे शेजारी पाहायचे होते तेच तिथून गेलेले असतील.

यात कुणाचा आदर्श घ्यायचा झाला तर तो परदेशात शोधण्याची गरज नाही. अहमदाबाद महापालिकेने जुन्या पोळांमधून, म्हणजे तिथल्या बंदिस्त गल्ल्यांच्या वस्त्यांमधून, वारसा-फेरी १९९७ मध्ये सुरू केली. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपर्यंत रोज सकाळी ती चालते. त्या सातत्यानेच लोकांना आपल्या घरांची किंमत कळत गेली, आणि २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला, तेव्हा गल्लीतल्या माणसाला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नसावे. आपल्याकडेही इतिहासप्रेमी मंडळी सुटीच्या दिवशी अशा फेऱ्या काढतात, अगदी मनापासून काढतात. पण ते सगळे त्यांच्या सवडीवर आणि पदरमोडीवर चालते. पाच माणसे येवोत की पन्नास, अमुक दिवशी अमुक वाजता अमुक दरवाजापाशी माणूस उभा असेलच, ही खात्री फक्त पालिका देऊ शकते. फेरीचे वाटाडे त्याच वस्त्यांतले असावेत. नागसेनवनातला, शासकीय कला-विज्ञान महाविद्यालयातला इतिहासाचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी हे काम उत्तम करील, आणि किले अर्क या मुघल राजवाड्याच्या आवारात शिकणाऱ्या मुलाला किले अर्क दाखवण्यासाठी पाठांतर करावे लागणार नाही.

सोयींबद्दल थोडक्यात. जुन्या शहरात बाईमाणसाला जाता येईल असे स्वच्छतागृह शोधून सापडत नाही. फेरीला येणाऱ्या स्त्रिया सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात याचे परिणाम काय होतात ते सांगायला नको. दर अर्ध्या किलोमीटरवर एक, राखणदारासह, एवढे झाले तरी बाजारात बसणाऱ्या आमच्या भाजीवाल्या बायकासुद्धा आपणांस दुवा देतील. दरवाजांवर आणि नहरीच्या मनोऱ्यांवर मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत चार ओळींच्या पाट्या लावाव्यात, चाळीस ओळींच्या नकोत. कोणती शेअर रिक्षा कुठून कुठे जाते आणि शहर बस कुठे थांबते याचा नकाशा स्टेशनवर आणि मध्यवर्ती बसस्थानकावर लावावा. प्रवाशाला शेअर रिक्षात चौथा म्हणून कोंबून बसवले, की शहराचा स्वभाव त्याला आपसूक कळतो.

आणि एक नम्र पण स्पष्ट विनंती. कृपा करून आमच्या भिंतींवर चित्रे काढू नका, गल्लीच्या तोंडाशी ‘आय लव्ह’ची चकाकती अक्षरे बसवू नका, दरवाजांवर दर पाच सेकंदांनी रंग बदलणारे दिवे सोडू नका. रंगार गल्लीत रंगाऱ्याचे दुकान चालावे, हिमरू या सुती-रेशमी कापडाचे जे थोडे हातमाग उरले आहेत त्यांना सूत आणि रेशीम परवडणाऱ्या भावात मिळावे, जुन्या लाकडी वाड्याच्या मालकाला दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज मिळावे, यावर तो खर्च व्हावा. हिमरू विणणाऱ्याच्या मागापाशी पाहुणा अर्धा तास बसला आणि सुती ताण्यात रेशमी बाणा कसा फुले उमटवत जातो ते पाहिले, तर तो शालीचे मोल घासाघीस न करता देतो, हा अनुभव विणकरांना आहे. पण त्यांच्या दारापर्यंत पाहुणा येतच नाही, कारण गाडीवाल्याची दलाली दुसऱ्या दुकानात ठरलेली असते. सहल-व्यावसायिकांनी या बाबतीत स्वतःच्या व्यवसायाकडे डोळे उघडून पाहावे.

पर्यटनाचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. त्याआधी बेगमपुरा ते भडकल दरवाजा या एकाच टप्प्यावर प्रयोग करून पाहावा: आठ-दहा घरांची नोंदणी, आठवड्यातून दोन फेऱ्या (त्यांतली एक सोमवारी), तीन स्वच्छतागृहे आणि पाट्या. त्यासाठी रहिवाशांची बैठक घ्यावी, आणि ती रात्री नऊनंतर घ्यावी, कारण त्याआधी दुकानदारांना येता येत नाही आणि बायकांचा स्वयंपाक आटोपलेला नसतो. शुक्रवारची दुपार आणि गणपतीचे दिवस टाळावेत. ज्या वस्तीत त्या दिवशी नळ येणार असेल त्या वस्तीतही बैठक ठेवू नये. कुणीही येणार नाही. जागेची अडचण असेल तर आमच्या घराची गच्ची मोकळी आहे, पन्नास माणसे आरामात बसतील. सतरंज्यांची आणि चहाची जबाबदारी आमच्या गल्लीची.

कळावे,

आपली नम्र,
जुन्या शहरातील एक रहिवासी आणि निवृत्त शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर